गंगेचं माप

त्या पौषात इसुकपल्लीत पितळ मातीमोल झालं. ज्या गावात लग्नघरीसुद्धा दोन पराती कमी पडल्या की शेजाऱ्यांची दारं वाजवावी लागत, तिथे आता कोंबड्या पितळी गंगाळातलं पाणी पीत होत्या. सिरोंच्याच्या बाजारात नांगराचे फाळ, जाती, दाराच्या चौकटी, पाळणे, सगळं मांडून ठेवलेलं असे. पाळणे पाहूनही कुणाला काही वाटत नव्हतं. लोक हसत हसत घासाघीस करत आणि डोक्यावर पाळणा घेऊन घरी जात.

गोदावरीच्या पलीकडे, निजामाच्या मोगलाईत, माणसं माणसांना मारत होती आणि अलीकडे स्वस्ताई आली होती. आधी रझाकार झाले, मग फौज आली, मग जंगलातले बंदूकवाले. बंदूकवाले अंधारात येऊन दाणा मागत. नाही दिला तर जीव घेत. दिला तर उजाडल्यावर पोलीस येऊन घर पेटवत. शेवटी सरकारनं गावंच्या गावं उठवली आणि सडकेवरच्या छावणीत नेऊन कोंबली. ज्यांना छावणीत जायचं नव्हतं ते जमेल ते उचलून नदीवर येत. कोण खरा, कोण खोटा, हे इसुकपल्लीत कुणी विचारत नव्हतं. बैल किती दाताचा आहे, एवढंच विचारत.

नाव होती वारलू ढिवराची. घाटावर त्याचं घर, घरात बायको धुरपता आणि लग्नाला आलेली मुलगी कमळा. वारलूच्या आज्यापासून नावेचा हक्क त्यांच्याकडे होता आणि त्या हक्काची रीत साधी होती. दोन्ही काठांवरच्या गावांनी खळ्यावर नाववाल्याला धान द्यायचं आणि मग वर्षभर हाक मारली की नाव सुटायची. पाऊस असो, पूर असो, मयत असो की बाळंतीण, नावेत बसताना कुणाकडून काही मागायचं नाही. वारलूची माय सांगायची की पटकीच्या साथीत तिच्या सासऱ्यानं तीन दिवस पाठ टेकली नव्हती.

खळ्यावर धान आणायला घरची बाई जायची. धुरपता वीस वर्षं जात होती. पलीकडच्या रेगुगुड्याला मल्लय्या नावाचा शेतकरी होता, त्याच्या खळ्यापासून सुरुवात व्हायची. मल्लय्याचं माप पितळेचं, त्याला तिकडे कुंचम म्हणतात. त्याच्या काठाला एक पोचा होता. मल्लय्याच्या बापानं कधीतरी रागात ते बैलाला फेकून मारलं होतं म्हणे. मल्लय्या कुंचम भरायचा, तळहातानं सपाट करायचा आणि तिच्या टोपलीत ओतायचा. शेवटचं माप मात्र सपाट करायचा नाही. ते शिगोशीग भरून तिच्या पदरात घालायचा आणि म्हणायचा, “हे गंगेचं, चेल्ले.” गंगा म्हणजे गोदावरी, आणि चेल्ले म्हणजे धाकटी बहीण. धुरपता त्याला अन्ना म्हणायची. तिला सख्खा भाऊ नव्हता.

आणखी एक गोष्ट दोन्ही काठांवर पाळत. माप रिकामं कुणाच्या हातात द्यायचं नाही. तळाला मूठभर तरी धान असलंच पाहिजे. रिकामं माप देणं म्हणजे त्या माणसाच्या घरी उपास पाठवणं.

तर त्या वर्षी पलीकडे खळीच झाली नाहीत. उभी धानं कुणी कापली, कुणी जाळली, काही रानडुकरांनी खाल्ली. एका सकाळी वारलू नावेवरून परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पितळेचा हंडा होता.

“कोन देलन?” धुरपतानं विचारलं.

“देलन काय? घेतला.”

“म्हंजे?”

“म्हंजे काय? औंदा धान देलन का त्याईनं? पोट नाई का आपल्याले? पाटील म्हनते, फुकट आनू नोको कोनाले. जे भेटलं त्यातलं अर्धं वाड्यावर टाकायचं, अर्धं आपलं.”

धुरपताला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर तो आला नाही. चैत्रात कमळाचं लग्न ठरलं होतं आणि व्याही पाच भांडी मागून बसले होते. तिनं हंडा दोन्ही हातांनी तोलून पाहिला, जड होता. चिंच आणि राख घेऊन ती घासायला बसली. आत तळाला कुणाचा तरी करपलेला भात चिकटलेला होता. कुणा बाईनं चुलीवर भात ठेवला होता आणि तो उतरवायच्या आधीच पळाली होती. धुरपता नखानं ती खरपुडी खरवडत राहिली. वास नाकातून गेला नाही, पण हंडा लख्ख निघाला. मग तिनं तो कोनाड्यात पालथा घातला आणि कमळा दिवसभर त्याच्याकडे बघून हसत होती.

पंधरा दिवसांत कोनाडा भरला.

*

गुणवंतराव पाटलाच्या वाड्यावर ती मासे द्यायला गेली तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तीस-चाळीस बैल दाटीवाटीनं बांधलेले, त्यांच्या मुताचा चिखल झालेला आणि त्या चिखलातून वाट काढत इसुकपल्लीतली भलीभली माणसं बैलांची तोंडं उघडून बघत होती. एक तांबडा बैल नदीकडे तोंड करून हंबरत होता. पाटलाचा माणूस डोमा त्याला दर हंबरण्याला एक काठी घालत होता.

पाटील बाजेवर बसून दात कोरत होता. “पाह्य धुरपता, किती लोकाईचं भलं करून राह्यलो मी,” तो म्हणाला. “बैल इथी आला तर वाचला, तिकडं असता तर पोलिसाईनं कापून खाल्ला असता. अन् मानसाईले काम देतो, दोन टाइम भाकर देतो. कोनं देईल का?”

त्यानं दिलेलं काम म्हणजे मिरची तोडायचं. नदीकाठच्या त्याच्या मळईत पलीकडून आलेल्या बाया रांगेनं वाकलेल्या असत. हातांना चिरा पडलेल्या, त्यात मिरचीचा रस. डोळ्याला हात लागला की बाई बसल्या जागी विव्हळत असे. दोन भाकरींवर दिवसभर. आधी गावातल्या बाया हे काम करत. त्यांना आता पाटलानं घरी बसवलं होतं. त्या कामावरून उठल्या म्हणून चिडल्या होत्या, पण पाटलावर नव्हे. त्या पलीकडच्या उपाशी बायांना शिव्या घालत आणि विहिरीला हात लावू देत नसत.

धुरपतानं मासे टोपलीतून काढून दिले. पाटलानं त्यातला मोठा मासा दोन बोटांनी उचलून वास घेतला आणि म्हणाला, “ताजा हाय ना? का तिकडून मेलेले खाऊन फुगलेला हाय?” भोवतीचे हसले. नदीतून काय काय वाहत येतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या दिवसापासून तिनं घरात मासा शिजवला नाही, वारलू ओरडला तरी नाही.

त्याच आठवड्यात दवंडी फिरली. पलीकडून आलेल्याला शिजलेलं अन्न द्या, कच्चा दाणा देऊ नका. कच्चा दाणा जंगलात बंदूकवाल्यांकडे जातो. ज्याच्याजवळ कच्चा दाणा सापडेल तो त्यांचाच माणूस. धुरपतानं दवंडी ऐकली. दाणा वाटायला तिच्या घरी होता कुठे, म्हणून तिनं ती सोडून दिली.

*

माघात एका सकाळी हाक आली.

“ओ नावोऽऽ!”

धुरपता दगडावर धुणं आपटत होती. तिचे हात थांबले. धुकं होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं, पण तो आवाज ती ओळखत होती. वारलू दारात जाळं शिवत बसला होता. त्यानंही ओळखला होता. तो मान खाली घालून गाठी मारत राहिला.

हाक पुन्हा आली. धुकं विरलं, ऊन आलं. पलीकडच्या वाळूत दोन माणसं दिसू लागली, एक उभं आणि एक बसलेलं.

“मल्लय्याअन्ना हाय,” धुरपता म्हणाली.

“असन.”

“तुमी जाऊन नाई राह्यले?”

“त्याच्यापाशी काय रायलं आता? बैल मागंच गेले त्याचे. पोरगा मेला. कोनं मारला ते का त्यालेबी मालूम नाई.”

“वीस वर्सं त्याचं खाल्लं आपन.”

“औंदा खाल्लं का?”

इतकं निर्लज्ज बोलणं तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. हा माणूस पुरात उडी मारून दुसऱ्याचं वासरू काढणारा. या दीड-दोन महिन्यांत त्याची मान जाड झाली होती, बोलताना तो पाटलासारखा दातातून थुंकायला लागला होता. तिला त्याच्या जवळ उभं राहवेना. तिनं ओलं लुगडं तिथेच टाकलं, भिंतीला टेकवलेलं वल्हं उचललं आणि ती सरळ घाटाकडे निघाली. बाईनं वल्ह्याला हात लावायचा नाही, ढिवराच्या घरात हे बारक्या पोरीलाही माहीत असतं. घाटावरचे दोघे-चौघे बघायला लागले.

“काय करून राह्यली व!” वारलू धावला. त्यानं तिच्या हातातून वल्हं हिसकावलं आणि सगळे बघत होते म्हणून नाव सोडली.

नाव परत आली तेव्हा धुरपता गुडघाभर पाण्यात उभी होती. मल्लय्या इतका वाळला होता की त्याचं धोतर जणू बांबूला गुंडाळलेलं. बरोबर त्याची सून पोसक्का, सात महिन्यांची गरोदर. तिचे पाय सुजले होते आणि ती वाटेत ओकली होती, ते लुगड्यावर वाळलं होतं.

“बागुन्नावा, चेल्ले?” मल्लय्यानं विचारलं. बरी आहेस ना.

धुरपतानं त्याचा हात धरून त्याला उतरवलं. तो हात धरताना तिला वारलूच्या कमरेशी धोतरात खोचलेलं काहीतरी चमकताना दिसलं. काठावरचा पोचा तिनं लांबूनच ओळखला.

*

“हेबी घेतलं?” घरात आल्यावर ती म्हणाली. “थे माप हाय. आपलंच धान त्यातून मोजलं त्यानं.”

“पाटलाले का दाखवू? रिकामी नाव आनली म्हनू?” वारलू ओरडला. “डोमा घाटावर बसून पाह्यते सकाळपासून. उद्या नाव काढून घेतली तर का खाशीन? माती? तूच मनली, जा, जा. गेलो. आता तोंड बंद ठेव.”

“त्यानं हातानं देलन का तुमी घेतलं?”

वारलूनं तिच्याकडे पाठ केली. “हातानं देलन,” तो म्हणाला. “मनला, नाववाल्याचं ठेवू नोको.”

कमळानं कुंचम घासून कोनाड्यात भांड्यांच्या रांगेत ठेवलं. तिला त्याचा आकार आवडला. लाह्या ठेवायला बरं पडेल, म्हणाली. धुरपतानं जेवायला घेतलं आणि पहिला घास तोंडातच फिरत राहिला. समोर ती रांग दिसत होती. हंडा, दोन गुंड्या, परात, गंगाळ, कुंचम. प्रत्येकात कुणाच्या तरी घरचं पाणी होतं, कुणाच्या घरची डाळ शिजली होती. तिनं उठून घास उकिरड्यावर थुंकला.

मल्लय्या आणि पोसक्का घाटाच्या वर मोहाखाली पडून होते. धुरपता रोज आंबील नेऊन देई. मल्लय्या आधी सुनेला पाजायचा, उरलं तर स्वतः प्यायचा, आणि भांडं वाळूनं घासून परत द्यायचा. कुंचमचं नाव त्यानं काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी डोमा मोहाखाली आला. “चाल व, उठ,” त्यानं पोसक्काला काठीनं ढोसलं. “मिरचीवर मानसं कमी हायेत.”

मल्लय्या दोघांच्या मध्ये उभा राहिला. त्याला मराठी मोडकी येत असे. “पोटातल्ली हाय,” तो म्हणाला. “वाकता येत नाई. मी येतो.”

“तुले घेऊन का मसणात घालू? पाटलानं बाई सांगतली.”

“नाई येनार.”

डोमाला नाही ऐकायची सवय राहिली नव्हती. चार महिन्यांपूर्वी तो स्वतः पाटलाच्या गोठ्यात शेण काढत होता. त्यानं मल्लय्याच्या पायाशी पचकन थुंकलं आणि “पाह्यतो तुले” म्हणत गेला.

*

धुरपतानं ठरवलं होतं, कुंचम परत द्यायचं. बाकीच्या भांड्यांचे धनी तिला ठाऊक नव्हते, निदान तसं ती मनाशी म्हणत होती. पण याचा धनी शंभर पावलांवर उपाशी पडला होता. ते परत गेलं तर आपल्या घरात निदान अन्न गिळता येईल, असं तिला वाटत होतं.

वारलू नदीवर गेला, कमळा सरपणाला गेली. भर दुपार होती. धुरपतानं कुंचम कोनाड्यातून काढलं, पदराखाली घेतलं आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबली.

रिकामं होतं.

रिकामं माप कसं द्यायचं? ज्याच्या घरी आधीच काही उरलं नाही, त्याच्या हातात रिकामं माप ठेवायचं? ती मागे वळली. मडक्यात मागच्या वर्षीचं धान तळाला होतं, बियाण्याचं. तिनं मूठ घातली. मूठभरानं तिचं समाधान होईना. ज्यानं वीस वर्षं शिगोशीग घातलं त्याला तळाला मूठभर? तिनं कुंचम भरलं, वर शीग चढवली, पदरानं झाकलं आणि सांडू नये म्हणून छातीशी धरून चालत गेली. दवंडी तिच्या डोक्यात आलीच नाही. ती दाणा द्यायला चाललीच नव्हती. ती माप परत करायला चालली होती, आणि माप भरूनच परत करायचं असतं.

मल्लय्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं. पोच्यावरून अंगठा फिरवला. मग त्यानं शिगेवरचं मूठभर धान उचलून तिच्या पदरात टाकलं.

“गंगेचं,” तो म्हणाला, आणि हसला. पुढचे दोन दात कुणीतरी पाडले होते.

धुरपता घरी पोचली, चुलीशी बसली आणि थंड भात मिठाशी खाल्ला. कितीतरी दिवसांनी तिला चव लागली. हात धुवायला बाहेर आली तेव्हा मोहाखाली माणसं जमली होती.

*

चावडीपुढं मल्लय्याला मातीत बसवलं होतं. त्याच्यापुढे ते भरलेलं कुंचम. शीग वाटेत सांडली होती, तरी काठोकाठ होतं. सिरोंच्याहून आलेला जमादार खुर्चीवर, बाजूला गुणवंतराव, मागे काठी घेऊन डोमा. सगळं इसुकपल्ली गोळा झालं होतं. अर्ध्या लोकांच्या अंगावर पलीकडचं काही ना काही होतं, कुणाच्या कानात, कुणाच्या खांद्यावर.

“साहेब, दवंडी फिरली व्हती,” डोमा सांगत होता. “हा मानूस उपाशी मनते अन् याच्यापाशी मापभर धान. आता कोनाले पोचवाचं व्हतं याले?”

“हे माप कोणाचं?” जमादारानं विचारलं.

“कुंचम नादी,” मल्लय्या म्हणाला. “माझं हाय.”

“आणि दाणा?”

मल्लय्यानं मान वर केली. गर्दीत त्याची नजर फिरली, धुरपतावर आली, तिथे थांबली आणि पुढं गेली. पुन्हा परत आली नाही.

“कुंचम नादी,” तो पुन्हा म्हणाला.

आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, मी दिलं, मी भरलं. धुरपताचं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तिच्या पायावर पाय पडला. वारलू शेजारी येऊन उभा होता आणि सगळं वजन टाकून तिचा पाय दाबत होता. “कमळी,” तो ओठ न हलवता म्हणाला. “नाव जाईन.”

समोर कमळा उभी होती, डोक्यावर सरपणाची मोळी तशीच. तिला कळलं होतं. ती आईकडे बघून हळूच मान हलवत होती, नको, नको.

धुरपतानं तोंड मिटलं. कुणी दाबून मिटवलं नाही, तिचं तिनं मिटलं. पायावरचा पाय दुखत होता आणि तो दुखतो आहे याचं तिला बरं वाटलं, कारण त्याच्यावर ढकलता येत होतं.

“चेहरा पाहा याचा,” पाटील म्हणाला. “चोराले लाज तरी हाय का?” आणि लोक हसले. धुरपता उभी होती त्या गर्दीला घामाचा आणि शेणाचा वास येत होता, आणि तो वास आपलाही आहे हे तिला समजलं.

पलीकडच्या पोलिसांकडे सोपवायचं ठरलं. मल्लय्याचे हात मागे बांधले आणि वारलूच्याच नावेतून त्याला नेलं. नावेत चढताना त्याचा तोल गेला. वारलूनं त्याला काखेत हात घालून धरलं, सवयीनं. पोसक्का वाळूत बसून गळा काढून रडत होती. डोमानं तिला दंडाला धरून उठवलं आणि मळईकडे नेलं. आता मध्ये उभं राहायला कुणी नव्हतं. नाव परत आली तेव्हा पाण्यावर हलकी चालत होती.

*

दोन दिवसांनी डोमा कुंचम घेऊन दारात आला. “पाटलानं देलन,” तो म्हणाला. “वारलूभाऊले सांग, तुह्या पोरीच्या लग्नाचा आहेर.” आतलं धान मात्र नव्हतं. कुंचम रिकामं होतं.

धुरपतानं ते हातात घेतलं. तिथेच फेकून द्यावं, डोमाच्या तोंडावर फेकावं, असं तिच्या मनात आलं. पण भांडी पाचच हवी होती आणि परातीला भोक निघालं होतं. तिनं कुंचम पुन्हा त्या रांगेत ठेवलं. चैत्रात लग्न झालं. कमळा सासरी गेली तेव्हा कुंचमात तांदूळ भरून तिच्या मांडीवर ठेवलं. व्याही खूश झाले. असं जुनं, जड पितळ आता मिळत नाही, म्हणाले.

पोसक्का मिरचीच्या मळईतच बाळंत झाली. मुलगी झाली. धुरपतानं गूळ आणि जुनेराची धडुती एका बाईच्या हाती पाठवली. स्वतः गेली नाही. वाटेत ती दिसली की धुरपता बांधावरून खाली उतरायची.

पावसाळा तोंडावर आला. पलीकडचं थंडावलं. बंदूकवाल्यांनी बंदुका खाली ठेवल्या म्हणे. छावण्या उठल्या, माणसं गावाकडे परतू लागली. नावेत बसून गेली तीही, पण बैल कुणाचे परत गेले नाहीत. पाटलानं सगळ्यांना हात जोडून निरोप दिला.

पौषात वारलू टोपली घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. “खळी झाली म्हनते तिकडं. जाय. हक्क हाय आपला.”

“मी नाई जात.”

“काऊन? नाव चालवली नाई का वर्सभर? सा मैन्यापासून फुकट आनून नेऊन राह्यलो. खाशीन का मंग?”

मडकं रिकामं होतं. ती गेली.

रेगुगुड्यात जळक्या भिंतींवर नवं गवत शाकारलं होतं. मल्लय्याच्या खळ्यावर लहानसा ढीग होता. बैल नव्हते, पोसक्कानं धान पायांनी तुडवलं होतं. तिच्या घोट्यांवर ओरखडे होते. पोर पाठीला बांधलेलं. मल्लय्याची खबर कुणालाच नव्हती. पोलिसांनी नेलेला तो छावणीत पोचलाच नाही, एवढंच कळत होतं.

पोसक्कानं तिला पाहिलं. मळईत राहून तिला इकडची भाषा आली होती. “ये, अत्ता,” ती म्हणाली. “मामा मनत व्हता, नाववाल्याचं पयले काढाचं.” अत्ता म्हणजे आत्या, आणि मामा म्हणजे तिचा सासरा.

धुरपतानं टोपली खाली ठेवली. तिची मान वर होईना.

“कुंचम कुठी हाय, अत्ता?” पोसक्कानं विचारलं. आवाजात राग नव्हता. ती नुसतीच विचारत होती, घरातली वस्तू शोधावी तसं. “डोमा घेऊन गेला व्हता. तुले दिसलं का कुठी?”

कुंचम कमळाच्या सासरी चुलीशेजारी होतं. संक्रांतीला धुरपता गेली होती तेव्हा त्यात लाह्या होत्या, आणि तिनं त्या खाल्ल्या होत्या.

“मले नाई मालूम,” धुरपता म्हणाली.

“जाऊ दे.” पोसक्का खाली बसली. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली, ढिगात घातली आणि टोपलीत ओतली. पुन्हा घातली, पुन्हा ओतली. मिरचीनं फाटलेल्या बोटांच्या भेगांत धानाचं कूस अडकत होतं, ते ती झटकत होती. अशा किती ओंजळी म्हणजे एक कुंचम, हे ती ओठातल्या ओठात पुटपुटत होती आणि चुकलं की एक जास्तीची घालत होती.

मग ती उठली. शेवटची ओंजळ तिनं भरेल तेवढी भरली, दोन्ही बाजूंनी धान ओघळत होतं.

“पदर धर, अत्ता. गंगेचं हाय.”

आत्ता तरी बोल, धुरपता स्वतःला म्हणाली. स्वतःची इतकी किळस तिला आजवर आली नव्हती. आणि तिनं पदर पसरला.

नावेत वारलूनं टोपलीत हात घालून धान वरखाली केलं. “एवढंच?” तो म्हणाला. “गंगेचं तरी देलन का नाई तिनं?”

धुरपता पदराची गाठ मुठीत घट्ट धरून पाण्याकडे बघत होती.

“देलन,” ती म्हणाली. “शिगोशीग देलन.”